उन्हाळ्यात ऑइल जाड की पातळ? वरोऱ्याच्या गॅरेजमधून

होळी जळली की माझ्या गॅरेजात एक वाक्य रोज ऐकू येतं. "काऊन जी, ऊन लागलं ना आता, या खेपेला जरा जाडंच ऑइल टाकून द्या." स्प्लेंडरवाला म्हणतो, बोलेरोवाला म्हणतो, परवा तर एका मॅडमनी आदल्याच दिवशी शोरूममधून आणलेल्या गाडीसाठी म्हटलं.

आमचं गाव वरोरा. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर, नागपूरहून शंभरेक किलोमीटर. एका अंगाला माजरी आणि वणीच्या कोळसा खाणी, दुसऱ्या अंगाला कापूस आणि सोयाबीन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाऊन बसतो, नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत, तर दुपारी पाना उचलायला हातात फडकं घ्यावं लागतं. नागपुरानं २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ डिग्री पाहिलंय, त्यामुळे इथल्या माणसाला 'उन्हानं ऑइल पातळ होईल' अशी भीती वाटली तर त्यात वेडेपणा काही नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं हाच धंदा केला. एप्रिल लागला की ३० चं काढून ४० टाकायचं, ४० चं काढून ५० टाकायचं. बाबांनी शिकवलं होतं तसं.

बाबांचं त्यांच्या काळी बरोबरच होतं, हेही सांगतो. त्यांच्या हातून जे ऑइल जायचं ते एकाच आकड्याचं असायचं. डब्यावर नुसतं ३० किंवा ४०. मागेपुढे काही नाही. असं ऑइल थंडीत घट्ट व्हायचं आणि तापलं की भराभर पातळ व्हायचं, म्हणून हिवाळ्यात ३० आणि उन्हाळ्यात ४० असा रिवाज होता. आता डब्यावर ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० असे दोन आकडे आले. रिवाज मात्र जुन्या ऑइलचाच राहिला.

आधी एक प्रयोग सांगतो, कारण नुसतं तोंडानं सांगून आमच्याकडे कोणी ऐकत नाही.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. एक शेतकरी काका त्यांची मोटारसायकल घेऊन आले. ऑइल काढताना नट सैल केला आणि गरम काळं ऑइल पाण्यासारखं धो धो पडलं. काका लगेच म्हणाले, "पाहा जी, सारं पाणी झालं! म्हणूनच म्हणतो, जाडं टाका." मी काही बोललो नाही. शेजारच्या टपरीवरून उकळत्या पाण्याचा एक डबा मागवला. स्टीलच्या छोट्या पेल्यात त्यांच्याच गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं १०डब्ल्यू-३० ओतलं, नवंकोरं, मधासारखं पिवळं. काडीनं उचललं तर धार लांब, जाड, सावकाश पडत होती. मग तो पेला उकळत्या पाण्यात ठेवला. पाच मिनिटांनी काडी बुडवून उचलली तर धारच होईना, थेंब टपटप पडले, पातळ वरणासारखे. काकांनी पेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे तं नवीन आहे ना?" "नवीनच आहे काका. तापलं की सगळंच ऑइल असं होतं. तसं व्हावं म्हणूनच बनवलेलं असतं."

(घरी करून पाहायचं तर पेला उचलायला पकड घ्या आणि मुलांना लांब ठेवा. तापलेलं ऑइल पाण्यासारखं दिसतं, पण पाण्यापेक्षा वाईट भाजतं.)

आता आकडे. दोनच गोष्टी समजून घेतल्या तरी पुरे.

पहिल्या आकड्यापुढचा डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. तो आकडा थंडीत इंजिन फिरवायला ऑइल किती आडवं येतं ते सांगतो, आणि ती थंडी आपल्याकडची नाही. ०डब्ल्यू ची चाचणी उणे ३५ डिग्रीला होते, ५डब्ल्यू ची उणे ३० ला, १०डब्ल्यू ची उणे २५ ला, १५डब्ल्यू ची उणे २० ला, २०डब्ल्यू ची उणे १५ ला. आमच्या वरोऱ्यात डिसेंबरच्या पहाटे ८-१० डिग्री झालं तरी लोक शेकोटीभोवतीचे उठत नाहीत. म्हणजे नुसती थंडीच पाहायची तर विदर्भात २०डब्ल्यू नं सुद्धा गाडी चालू होते. मग लहान आकड्याचा उपयोग काय? सकाळी चावी फिरवल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऑइल वरपर्यंत, टॅपेटपर्यंत किती लवकर पोचतं, त्याला. इंजिनाची बरीचशी झीज तेव्हाच होते.

दुसरा आकडा १०० डिग्रीचा. ऑइल १०० डिग्रीला तापवून ते किती घट्ट राहतं हे मोजतात. मोजायचं एकक सेंटिस्टोक. ३० चं ऑइल म्हणजे ९.३ ते १२.५ च्या मधलं, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. शिवाय १५० डिग्रीला, बेअरिंगमध्ये दाबल्यासारखं दाबून, आणखी एक चाचणी असते. ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ऑइललासुद्धा ती पास करावी लागते. १५० मधून आपला ४७ चा उन्हाळा वजा करा, शंभराच्या वर उरतात. ऑइल बनवणाऱ्यानं आपल्या मे महिन्यापेक्षा कितीतरी पुढचा विचार करून ठेवलेला असतो.

खरी गंमत पुढे आहे. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल १०० डिग्रीला ११ सेंटिस्टोकच्या आसपास असतं. तेच ऑइल ४० डिग्रीला, म्हणजे आपल्या चैत्रातल्या दुपारी सावलीत उभ्या गाडीत, ६०-६५ असतं. पाच-सहापट घट्ट. १५डब्ल्यू-४० ४० डिग्रीला ११० च्या घरात, २०डब्ल्यू-५० तर १६० च्या आसपास. याचा अर्थ आपला भर उन्हाळासुद्धा ऑइलसाठी थंडीच आहे. चावी फिरवताना ऑइल पाहिजे त्याहून घट्टच असतं, पातळ कधीच नसतं. आपण मात्र उन्हाकडे पाहून त्याला आणखी घट्ट करायला निघतो.

माझ्याकडे टेंपरेचर गन आहे, लांबूनच धातूचं तापमान दाखवणारी. एसी दुरुस्त करणाऱ्या एका मित्राची जुनी गन मी घेतली. दोन वर्षं मी छंद म्हणून चेंबरचं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचं, तापमान पाहत होतो. नागपूरहून थेट आलेल्या, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांत जानेवारीत आणि मे महिन्यात फरक पडायचा तो सात-आठ डिग्रीचा. बाहेरच्या हवेत मात्र पंचवीस-तीस डिग्रीचा फरक. कारण सोपं आहे. इंजिनाचा थर्मोस्टॅट कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, ९० च्या आसपास धरून ठेवतो, आणि ऑइलची गरमी मुख्यतः कूलंट, बेअरिंग आणि पिस्टनकडून येते. रेडिएटर ठीक असेल तोवर बाहेरच्या उन्हाचं इंजिनाला फार सोयरसुतक नाही.

हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलची गोष्ट वेगळी. तिच्या सिलेंडरला पंखे, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, आहेत आणि वारा आहे, बाकी काही नाही. उन्हात, चौकात, ट्रॅफिकमध्ये, मागे दोघं बसलेले, अशा वेळी तिचं इंजिन खरंच तापतं. तिच्यासाठी थोडा वेगळा विचार करावा लागतो, पण तोही पुस्तकातल्या ओळीच्या आत राहूनच.

तर मग नेमकं करायचं काय?

पहिलं काम: गाडीचं पुस्तक काढा. तुमच्या पेटीत नसेल तर डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली सापडेल. तिथेही नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. ऑइलच्या पानावर दोन प्रकारची माहिती सापडते. काही पुस्तकांत एकच ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३० सारखा एकच आकडा, लिहिलेला असतो. तसं असेल तर विषय संपला, तोच टाका, मे असो की डिसेंबर. काही पुस्तकांत एक चित्र असतं, खाली तापमानाची पट्टी आणि वर वेगवेगळ्या ग्रेडच्या आडव्या रेषा. उन्हाळ्यासाठी ग्रेड निवडायचं स्वातंत्र्य इथे खरंच आहे. चित्रात तुमच्या तापमानापर्यंत पोचणाऱ्या ज्या रेषा असतील, त्यांतली कोणतीही चालते. माझा नियम असा की गावातल्या गावात फिरणाऱ्यानं त्यातली पातळ घ्यावी, आणि रोज माल लादून वणीच्या रस्त्यानं जाणाऱ्यानं जाड घ्यावी.

पुस्तक कोणत्या देशासाठी छापलंय हेही पाहा. माझा मावसभाऊ मस्कतला असतो. त्यानं मला त्याच्या गाडीच्या पुस्तकाचा फोटो पाठवला, त्यात तीन-चार ग्रेड दिलेले. इथल्या माझ्या एका गिऱ्हाइकाच्या तशाच गाडीच्या पुस्तकात एकच. गाडी तीच, देश वेगळा, नियम वेगळे. तिकडचा फोटो पाहून इथे ऑइल टाकायचं नाही.

आता आमच्याकडे रोज येणाऱ्या गाड्यांचं सांगतो.

स्प्लेंडरच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३०. लोकांना हे पातळ वाटतं, आणि सगळ्यात जास्त वाद याच गाडीवर होतात. लाखो स्प्लेंडर आपल्याच उन्हात याच ऑइलवर लाखभर किलोमीटर गेल्या आहेत. बिघडल्या त्या ऑइल वेळेवर न बदलल्यामुळे, ऑइल कमी असताना पळवल्यामुळे. जुन्या पल्सर १५० ला कंपनीच २०डब्ल्यू-५० सांगते, बुलेटला १५डब्ल्यू-५०. तिथे जाड ऑइल टाकायचं ते बनवणाऱ्यानं तसं ठरवलं म्हणून, उन्हामुळे नाही. पल्सरवाल्यानं शेजारच्या स्प्लेंडरवाल्याला "माझ्यात ५० टाकतो, तूही टाक" असं सांगणं म्हणजे स्वतःच्या चष्म्याचा नंबर दुसऱ्याला देणं.

मोटारसायकलच्या बाबतीत जाडीपेक्षा मोठी एक गोष्ट आहे आणि ती लोक विसरतात. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं पाहिजे. मोटारसायकलमध्ये क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करायचं औषध घातलेलं असतं, ते क्लचला घसरवतं. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा आला. गाडीचा आवाज वाढतो, आरपीएम चढते, पण गाडी पुढे सरकत नाही म्हणाला. भावाच्या कारमधलं उरलेलं ऑइल त्यानं पल्सरमध्ये टाकलं होतं. "चांगलं महागाचं होतं भाऊ, वाया का घालवू?" ते ऑइल काढून बरोबर ऑइल टाकलं तरी क्लच सुधरेना. शेवटी प्लेटा बदलल्या आणि अर्धा लिटर ऑइल वाचवण्याच्या नादात त्याचे दीड हजार गेले. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचं उलट आहे. तिचा क्लच ऑइलमध्ये नसतो, म्हणून तिला १०डब्ल्यू-३० पण जासो एमबी चालतं. हे बारीक अक्षर बहुतेक डब्यांवर मागच्या बाजूला असतं, दुकानदाराकडे उभं राहूनच वाचा.

नव्या पेट्रोल कारकडे येऊ, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतंय. मारुतीच्या अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ सांगितलंय. सोळा! हा आकडा ऐकला की आमच्या गावातले जुने मिस्त्री हसतात. मीही हसलो होतो. हसण्याचं बिल मला नंतर भरावं लागलं.

झालं असं. एक मास्तर होते, पेट्रोल गाडी, दोन वर्षांची, ०डब्ल्यू-२० सांगितलेली. मे महिना, त्यांना लेकीच्या लग्नासाठी चंद्रपूर-नागपूर अशा दहा-बारा फेऱ्या मारायच्या होत्या. त्यांच्या साल्यानं मला फोन केला, "एवढ्या उन्हात पातळ ऑइल? जाड टाका." माझ्या हातात १५डब्ल्यू-४० चा डबा होता, मी टाकला. आठवड्यात मास्तर परत आले. सकाळी गाडी चालू केली की वरून टकटक आवाज येतो, अ‍ॅव्हरेज लिटरमागे दीड-दोन किलोमीटरनं उतरलं, आणि एक दिवस इंजिनाची पिवळी लाइट लागली. स्कॅनर लावला तर व्हॉल्वची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा कोड आला. या गाड्यांत ऑइलच्या दाबावरच कॅमशाफ्ट पुढे-मागे होतो, अरुंद नळ्यांतून ऑइल जातं. घट्ट ऑइल तिथे वेळेवर पोचत नाही आणि कॉम्प्युटर तक्रार करतो. ऑइल, फिल्टर माझ्या खर्चानं बदलून पुन्हा ०डब्ल्यू-२० टाकलं. दोन दिवसांत आवाज गेला, लाइट परत लागली नाही. मास्तर काही बोलले नाहीत, पण लग्नात मला बोलावलं नाही. तेव्हापासून मी ०डब्ल्यू-१६ आणि ०डब्ल्यू-२० वाल्या गाडीत दुसरं काही टाकत नाही, साल्याचा फोन आला तरी.

डिझेलचं थोडक्यात. जुन्या बोलेरो, पिकअप, ट्रॅक्टर यांना १५डब्ल्यू-४० हा आपल्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दोन्हीत चालणारा ग्रेड आहे, त्यात काही डोकं लावू नका. २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. तिच्यासाठी कमी राख देणारं ऑइल लागतं, बहुतेक वेळा ५डब्ल्यू-३०, आणि पुस्तकात सी अक्षरानं सुरू होणारा युरोपीय वर्ग लिहिलेला असतो. तिथे चुकीचा वर्ग टाकला तर जाळी चोंदते. ती बदलायचा खर्च ऐकून एका ट्रॅव्हल्सवाल्यानं माझ्या दुकानातच खाली बसकण मारली होती.

सीएनजी गाडीचं ऑइल महिनोन्‌महिने स्वच्छ दिसतं. त्याला फसू नका. रंग पाहून ऑइल ओळखणं हे नाडी पाहून शुगर सांगण्यासारखं आहे. डिझेलचं ऑइल उलट तीन दिवसांत काळं होतं, आणि ते चांगलं काम करतंय म्हणून काळं होतं. बोटावर घासून जाडी पाहणंही तसंच. बोट ३५ डिग्रीचं असतं, इंजिन १०० चं.

मग जाड ऑइल कधीच टाकायचं नाही का? टाकायचं, पण दोन-तीनच प्रसंगी. एक, पुस्तकातल्या चित्रात परवानगी आहे आणि गाडी खरोखर ओझं ओढते. दोन, गाडी जुनी झाली आहे, वॉरंटी गेली आहे, ती ऑइल खाते, निळा धूर मारते आणि इंजिनकामाला सध्या पैसे नाहीत. अशा जुन्या गाडीत मी एकच पायरी वर जातो, ३० चं ४०, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो की हा इलाज नाही, वेळ मारून नेणं आहे. दोन पायऱ्या कधीच नाही. तिसरा प्रसंग जुन्या हवेवरच्या मोटारसायकलचा. काहींच्या पुस्तकात दोन ग्रेड असतात, मे महिन्यात त्यांतला जाड घ्यावा.

उन्हाळ्यासाठी पैसे खर्च करायचेच असतील तर जाडीवर करू नका, दर्जावर करा. ग्रेड तोच ठेवून मिनरलच्या (साध्या खनिज तेलाच्या) जागी सिंथेटिक (कारखान्यात घडवलेलं) घ्या. उष्णतेनं ऑइल पातळ होतं त्यापेक्षा मोठा प्रश्न असा की ते जळतं, आंबतं, गाळ धरतं. ढोबळ हिशोबानं तापमान १० डिग्री वाढलं की हे खराब होणं दुप्पट वेगानं होतं. सिंथेटिक तिथे जास्त टिकतं. डब्यावर ऑइलचा दर्जा सांगणारी एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची) अक्षरंही पाहा. पेट्रोल कारला २०१० मध्ये एसएन आलं, २०२० मध्ये एसपी. टर्बो पेट्रोल असेल तर निदान एसपी घ्या, कारण त्यात टर्बो इंजिनात अवेळी होणाऱ्या स्फोटापासून बचाव पाहिलेला असतो. जुन्या गाडीत नव्या अक्षरांचं ऑइल टाकलं तर काही बिघडत नाही, नव्या गाडीत जुनं टाकू नये.

आणि ज्यानं उन्हाळ्यात इंजिनं खरोखर मरतात, ते म्हणजे कमी ऑइल. ग्रेडवर अर्धा तास वाद घालणारा माणूस सहा-सहा महिने ऑइल मोजायची पट्टी काढून पाहत नाही. अ‍ॅक्टिव्हात सातशे-आठशे मिली ऑइल असतं. त्यातलं तीनशे उडालं तर उरलेल्यानं दुप्पट पळायचं, दुप्पट तापायचं.

पट्टी अशी पाहा. गाडी सपाट जागेवर. गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरू द्या. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. ओल दोन खुणांच्या मध्ये हवी, वरच्या खुणेजवळ असली तर उत्तम. स्प्लेंडरसारख्या गाडीत पट्टी आट्यांची असते. ती मोजताना फिरवून घट्ट करायची नाही, नुसती टेकवायची, आणि गाडी मधल्या स्टँडवर सरळ हवी. आट्यांत बसवून मोजलं तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि आमच्याकडे निम्मे लोक असंच मोजतात. बुलेटला काच असते, गाडी सरळ धरून काचेत पाहा, एकट्यानं जमत नसेल तर कोणाला तरी हँडल धरायला लावा. वरच्या खुणेच्या वर भरू नका. "थोडं जास्त असलं तर बरं" हे भाजीतल्या तेलाबद्दलही खरं नाही. जास्त ऑइलला क्रँक फेटते, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रेडिएटरसमोर उभं राहून आत पाहा. आमच्याकडच्या गाड्यांच्या जाळीत कोळशाची पूड, कापसाचे तंतू आणि किडे यांची नुसती गोधडी असते. हळू धारेच्या पाण्यानं मागून पुढे धुवा, प्रेशरची धार मारली तर पातळ पत्रे वाकतात. कूलंट म्हणजे नळाचं पाणी नाही. जाळी साफ करायला खर्च थोडाच येतो, जाड ऑइलनं जे साधत नाही ते इथे साधतं. मोटारसायकलच्या पंख्यांतला चिखल जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढा. हवेचा फिल्टर झटका, आणि खाणीच्या रस्त्यानं रोज जात असाल तर पुस्तकातल्या 'कठीण परिस्थिती'च्या तक्त्याप्रमाणे लवकर बदला, ऑइलही.

गरम झाल्यावर, सिग्नलला उभं असताना ऑइलची लाल लाइट लुकलुकत असेल तर लगेच जाड ऑइलकडे धावू नका. आधी पट्टी, मग सेन्सर, मग दाब मोजायचं घड्याळ. पंप किंवा बेअरिंग गेलेलं असताना जाड ऑइलनं लाइट विझते, रोग आत वाढत राहतो. आणि चालताना लाल लाइट पक्की लागली तर गाडी जिथे असेल तिथे बंद करा. "पुढच्या गावापर्यंत नेतो" म्हणणारे मला टोचनवरच भेटले आहेत.

डबा विकत घेताना झाकणाचं सील, बॅच नंबर आणि तारीख पाहा, आणि ऑइल तुमच्या डोळ्यांसमोर ओतायला सांगा. रिकामा डबा घरी न्या किंवा तिथेच पत्र्यानं भोक पाडून टाका, नाहीतर तोच डबा कुठेतरी पुन्हा भरून विकायला येतो. ओतल्यावर ग्रेड, तारीख आणि किलोमीटर एका कागदावर लिहून बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावा. पुढच्या खेपेला "मागच्या वेळी काय टाकलं होतं?" हा प्रश्न उरत नाही, आणि साल्याला दाखवायला कागद असतो.

जळकं ऑइल नालीत ओतू नका, शेतात तर नाहीच. काका लोक बैलगाडीच्या आसाला आणि कुंपणाच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून मागतात, आधी मीही देत होतो. आता एका ड्रममध्ये जमा करतो आणि परवाना असलेला गोळा करणारा महिन्यातून एकदा येऊन घेऊन जातो. त्या दिवशीच्या त्या काकांनीही मागितलं होतं. दिलं नाही, आसाला ग्रीसची डबी दिली. ते मे महिन्याच्या शेवटी परत आले, पट्टी स्वतःच काढून दाखवली, टेकवून, आट्यांत न बसवता.